बोरोले सरांची सही

बोरोले सर भित्रे होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांना ओळखणारा कोणीही त्यांच्याबद्दल बोलायला लागला की पहिलं वाक्य हेच असायचं, आणि ते खोटं नव्हतं. रस्त्यात कुत्रं दिसलं की सर गल्ली बदलायचे. पोस्टमन दारात उभा राहिला की त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग जायचा. रजिस्टर पत्र असेल तर ते आधी पाकीट उलटसुलट करून बघायचे, पाठवणाऱ्याचं नाव दोनदा वाचायचे आणि मग मला म्हणायचे, "कल्पना, तू फोड." मी फोडायची. आत बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचं कॅटलॉग असायचं.

उंच माणूस, पण खांदे पुढे आलेले, त्यामुळे उंची कोणाच्या लक्षात यायची नाही. पॉलिटेक्निकमध्ये वीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून ते आमच्याकडे आले होते. आमच्याकडे म्हणजे बुऱ्हाणपुरात लालबागच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये जगदीशशेठचा छोटा कारखाना होता, तिथे. आम्ही आठ माणसं. केळीच्या बागांमधल्या पंपांना लावायचं एक खोकं आम्ही बनवायचो. तीनपैकी एक फेज गेला, किंवा विहिरीत पाणी संपलं, की मोटार जळते. आमचं खोकं ते वेळेत ओळखून मोटार बंद करायचं. पूर्वी याला रिले, टायमर, तीन-चार कार्डं लागायची. ते सगळं एकाच चिपमध्ये आणायचे ते दिवस होते. चिप बोटाच्या दोन पेरांएवढी. तिच्यातला प्रोग्रॅम सर लिहायचे, तो चिपमध्ये भरायचं आणि तयार खोकं टेबलावर तपासायचं काम माझं. प्रत्येक खोक्यासोबत तपासणीची चिठ्ठी जायची, तिच्यावर माझी सही असायची.

माझ्या कॉम्प्युटरवर कंपायलर टाकायचा होता तो दिवस मला चांगला आठवतो. कंपायलर म्हणजे काय, हे सरांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. "आपण लिहितो ते आपल्याला कळतं, चिपला कळत नाही, मधे जो दुभाषी बसतो तो कंपायलर." हा दुभाषी चिप बनवणारी कंपनीच फुकट द्यायची. मी सीडी लावली. पडद्यावर बारीक अक्षरांचा मोठा मजकूर आला, खाली 'मान्य आहे' असं बटण. मी माउस तिकडे नेला आणि सरांनी माझं मनगट धरलं. त्यांनी आयुष्यात कोणाला असा हात लावला नसेल. लगेच सोडलं, आणि स्वतःच ओशाळले.

"वाचलंस?"

"सर, हे कोण वाचतं?"

"ज्याचं नाव खाली लागतं त्यानं वाचावं."

मग त्यांनी तो मजकूर छापून काढला, चौदा पानं निघाली. हिरव्या पेनानं ओळी मारत दोन दिवस वाचला आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आता दाब." अशा सगळ्या छापील पानांची त्यांची एक फाईल होती. जगदीशशेठ डीलर लोकांसमोर हसत सांगायचे, "आमचे सर तो ग्रेट आदमी आहेत. लग्नाची पत्रिकासुद्धा अटी-शर्ती बघून घेतात." सरही हसायचे, पण थोडं उशिरा.

एकदा डबा खाताना मी विचारलं, एवढी कशाची भीती वाटते सर? मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. शेजारच्या गल्लीत मारामारी झाली, पोलीस आले, एका विणकराच्या घराची झडती झाली. जमादार मास्तरांना म्हणाला, गुरुजी, तुम्ही इज्जतदार माणूस, पंच म्हणून सही करा. कागद जमादाराच्या गुडघ्यावर होता. वडिलांनी शाळेची वेळ झाली म्हणून उभ्या उभ्या सही केली. कागदात लिहिलं होतं की सुरा गुरुजींसमोर विणकराच्या घरात मिळाला. गुरुजींनी सुरा पाहिलाच नव्हता. कोर्टात त्यांना एवढंच विचारलं, ही सही तुमची का? सही त्यांचीच होती. विणकर चार वर्षं आत गेला.

"त्याची बायको आम्हाला काही बोलली नाही," सर म्हणाले. "नळावर भेटली की आईला आधी पाणी भरू द्यायची. बाबांना तेच सहन झालं नाही. नंतर ते रेशनकार्डावर सही करायलासुद्धा मला बोलवायचे. मी तेव्हा सातवीत."

त्या दिवसानंतर मी सरांच्या फाईलवर हसले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात फोपनारला एका बागेत मजूर बाई पंपाच्या लोखंडी पेटीला चिकटली. ओली जमीन, पायात काही नाही, पेटीत वायर उघडी पडलेली. शेजारच्यानं फळी मारून तिला सोडवलं म्हणून वाचली. हाताची बोटं मात्र आखडली ती आखडलीच. ती पेटी आमची नव्हती. तरी सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग ते शेठकडे गेले आणि म्हणाले, आपल्या खोक्यात आणखी एक गोष्ट घालू. वीज पेटीतून जमिनीत गळायला लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत मोटारीचा पुरवठा तोडायचा. शेठला ते पटलं. सरांनी प्रोग्रॅम लिहिला. आणि तो चिपमध्ये बसेना.

यात गोम अशी होती, की कंपनी जो फुकटचा कंपायलर द्यायची, तो मुद्दाम ऐसपैस प्रोग्रॅम बनवायचा. नेटका, आटोपशीर प्रोग्रॅम हवा असेल तर त्याला कुलूप होतं आणि त्या कुलपाची किल्ली विकत होती, ती आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नव्हती. सर इकडची ओळ तिकडे करत राहिले, आणि त्यातच त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. दीड महिना ते घरी होते.

त्या दीड महिन्यात राहुलनं तो प्रश्न सोडवला. राहुल इंदूरहून इंजिनीयर होऊन आलेला, हुशार, हाताचा जलद. त्यानं इंटरनेटवरून त्याच कंपायलरची कुलूप काढलेली प्रत आणली. प्रोग्रॅम बसला, आणि चिपमध्ये वर जागासुद्धा उरली. शेठनं पेढे वाटले. मी चिपा भरल्या, खोकी तपासली, चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. पावसाळ्याआधी दीडशेच्या वर खोकी गावोगाव गेली.

सर परत आले ते काळा चष्मा लावून. पहिलाच प्रश्न, "हे बसलं कसं?"

राहुलनं अभिमानानं सांगितलं. सर खुर्चीत बसले. ओरडले वगैरे काही नाहीत, फक्त विचारलं, "याचा सोर्स आहे का सोबत?" सोर्स म्हणजे कंपायलर ज्या ओळींतून बनतो तो मूळ मजकूर; तो होता. मग त्यांनी फाईल काढली, आणि राहुलची प्रत टाकताना आम्ही ज्या बटणावर न वाचता बोट ठेवलं होतं त्याचा मजकूरही छापून घेतला. आठवडाभर ते एका डोळ्यानं वाचत होते. शेवटी मला आणि राहुलला समोर बसवून त्यांनी समजावलं.

"कंपायलर मुळात कंपनीचा नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आहे, आणि त्याची अटच अशी आहे की ज्याला तो मिळेल त्याला त्याचा सोर्सही मिळाला पाहिजे, त्यात बदल करायचा हक्कही मिळाला पाहिजे. कंपनीनं तो घेतला, आपल्या चिपसाठी फिरवला आणि वर कुलूप घातलं. ते कुलूप काढणं गुन्हा नाही. इथपर्यंत राहुल बरोबर."

राहुल हसला.

"थांब. त्याच्यासोबत कंपनीनं लायब्ररी दिलीय. चिपच्या कोणत्या पायाला काय नाव, मोजणी कशी करायची, ते सगळं तयार. ते कंपनीनं स्वतः लिहिलंय आणि त्याची अट वेगळी. ते फक्त त्यांच्या कुलूपवाल्या कंपायलरबरोबरच वापरायचं. आपण ते या दुसऱ्याबरोबर वापरलं. घर सगळ्यांचं, पण आतली भांडी त्यांची होती. आपण भांडीही उचलली."

"सर, बुऱ्हाणपूरमध्ये बसून आपण कोणाला दिसणार आहोत?" राहुल म्हणाला.

शेठला सरांनी एकदा सांगून पाहिलं, शेठ 'बघू' म्हणाले, आणि सर गप्प बसले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्यांनी ते स्वतः मला कबूल केलं. "मला सगळं कळलं होतं, कल्पना. पण मी पण मनात म्हटलं, कोणाला दिसणार आहोत."

आम्ही दिसलो. राहुलनं एका अडचणीसाठी कंपनीच्याच वेबसाइटवर प्रश्न टाकला होता आणि सोबत कंपायलरनं छापलेला सगळा तपशील चिकटवला होता. त्यात त्या कंपायलरचं नाव होतं, खाली राहुलच्या नावासोबत आमच्या कारखान्याचं. महिन्याभरात कंपनीच्या कायदा विभागाची मेल आली. भाषा सभ्य होती. तीस दिवसांत, लायब्ररी दुसऱ्या कंपायलरबरोबर वापरत नसल्याच्या सोबतच्या निवेदनावर जबाबदार व्यक्तीची सही करून पाठवावी. न पाठवल्यास पुढील कार्यवाहीचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

त्या काळात चोरीच्या सॉफ्टवेअरवरून छापे पडल्याच्या बातम्या यायच्या. पोलीस येतात, कॉम्प्युटर उचलून नेतात, बसलेल्या माणसांची नावं लिहून घेतात. माझ्या नवऱ्याचा कापडाचा लूम तेव्हा बंद होता. घरी मी हे कोणाला सांगितलं नाही. दीडशे घरांतल्या दीडशे चिठ्ठ्यांवर माझी सही आहे, एवढंच डोक्यात फिरत राहायचं. राहुल इंदूरला गेला तो ताप आला म्हणून परतलाच नाही.

शेठ म्हणाले, "ती लीकेजवाली भानगड काढून टाका. जुना प्रोग्रॅम चालू करा."

सर म्हणाले, "मग तो पुरवठा तोडणार नाही."

"तर मग सर, तुमच्या कागदापायी कोणी बाई मेली तर पाप कोणाला?"

हा प्रश्न सरांनी स्वतःला आधीच विचारला असणार. "मला वीस दिवस द्या," ते म्हणाले. "भांडी मी स्वतः घडवतो."

चिपची माहितीपुस्तिका कंपनी कोणालाही देते. तीनशे-चारशे पानं, सगळे आकडे. सरांनी कंपनीच्या लायब्ररीची फाईल माझ्यासमोर कॉम्प्युटरवरून काढून टाकली. "चुकून नजर जायला नको." आणि पुस्तिकेतला एकेक आकडा वाचून एकेक नाव स्वतः लिहायला घेतलं. कंपायलरसुद्धा त्यांनी तयार आणलेला वापरला नाही; सोर्सवरून स्वतः बांधला. मी आकडे वाचायची, ते लिहायचे, मग ते वाचायचे आणि मी तपासायची. मधेच ते थांबून दाराकडे बघायचे. बाहेर मोटरसायकल थांबली की दोघांचेही हात थांबायचे.

एके दुपारी फाटकापाशी खरंच जीप आली. दोन माणसं उतरली, एकाच्या हातात फाईल. मी वळून बघते तर सरांची खुर्ची रिकामी. मागच्या गोदामात पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या आड त्यांचा पांढरा सदरा दिसत होता. माणसं आत आली. एकानं विचारलं, "यहाँ कोई जिम्मेदार आदमी है?"

मागे खोकी सरकल्याचा आवाज झाला. सर बाहेर आले. सदऱ्याला धूळ, आवाज जेमतेम ऐकू येणारा. हिंदी त्यांना उत्तम यायची, पण ते मराठीतच बोलले. "मी बोरोले. प्रोग्रॅम माझा आहे. या बाईंचा काही संबंध नाही, त्या फक्त चिपा भरतात."

ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. "भाईसाब, हमको नेपानगर का रास्ता पूछना था. गाडी का रेडिएटर भी गरम हो गया है."

सरांनी त्यांना रस्ता समजावला. पाण्याची बादली स्वतः उचलून जीपपर्यंत नेली. परत आले आणि पुस्तिकेचं पान उघडून म्हणाले, "कुठे होतो आपण?"

अठराव्या दिवशी प्रोग्रॅम चिपमध्ये बसला आणि टेबलावरच्या चाचणीत पुरवठा तोडायला लागला. शेठ खूश झाले. त्यांनी निवेदनाचा कागद पुढे केला. "आता तर खरंच झालं ना सर? आपण त्यांची लायब्ररी वापरत नाही. करा सही."

सरांनी कागद वाचला. परत वाचला. "यात 'आजपर्यंत कधीही' असं आहे."

"तर काय?"

"आज वापरत नाही, हे खरं. कधीही वापरली नाही, हे खरं नाही."

"एका शब्दासाठी फॅक्टरी बंद करणार का?" शेठचा आवाज चढला. "तुम्ही नाही केली तर मी कल्पनाकडून घेतो. चिठ्ठ्यांवर तिचीच सही आहे."

मी केली असती, हे आज सांगायला लाज वाटत नाही. घर डोळ्यांसमोर होतं.

सरांनी खिशातलं हिरवं पेन काढलं. 'आजपर्यंत कधीही' वर रेघ मारली आणि खाली, मोकळ्या जागेत, इंग्रजीत सात-आठ ओळी लिहिल्या. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काय वापरलं, किती खोक्यांत, आता काय वापरतो, आणि ही माहिती मला असूनही मी तीन आठवडे गप्प राहिलो. अक्षर शाळकरी पोराचं वाटत होतं. खाली सही, पूर्ण नाव, घरचा पत्ता.

शेठ पाठवा म्हणाले नाहीत, की पाठवू नका म्हणाले नाहीत. बाहेर निघून गेले. सरांनी कागद माझ्याकडे दिला. मी तो स्कॅनरवर ठेवला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. तो दिवा सरकत जाताना मला वाटलं, आता हे परत घेता येणार नाही.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत सरांचं वजन इतकं उतरलं की पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. घरी त्यांनी बायकोला कागदपत्रांची पिशवी दाखवून ठेवली होती, कोणत्या वकिलाकडे जायचं ते लिहून ठेवलं होतं. शेठ त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. उत्तर आलं ते चार ओळींचं. स्पष्ट माहितीबद्दल आभार. तुमची नवी रचना आम्हाला आक्षेपार्ह वाटत नाही. जुन्या चिपा शक्य तितक्या बदलून तसं कळवावं. तूर्तास आम्ही कार्यवाही करत नाही.

मी आनंदानं रडले. सर 'तूर्तास' वर बोट ठेवून बसले होते. "तूर्तास म्हणजे किती, कल्पना?" ती भीती त्यांची कधी गेली नाही.

शेठ म्हणाले, चिपा डीलरकडे पाठवून देऊ, ते बदलतील. सर म्हणाले, "डीलर बदलली म्हणून सांगेल. आपल्याला कळणार कसं?" दर रविवारी ते पिशवीत चिपा घेऊन बसनं निघायचे. कधी मीही जायची. फोपनार, आसपासची खेडी, बांधावरून चालत. कुत्री भुंकायची, सर माझ्या मागे यायचे. शेतकऱ्यांना ते सांगायचे, आधीच्या चिपेत आमच्याकडून एक चूक राहिली होती. कोणती, हे कोणी विचारलं नाही.

यादी संपत आली तशी त्यांची निघायची वेळही आली. मुलीनं त्यांना पुण्याला बोलावलं होतं, आणि शेठनंही राहा म्हटलं नाही. पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून ते वारल्याचा फोन आला. त्यामुळे डोईफोडिया गावी गेलो तो रविवारच आमचा शेवटचा.

जंगलाच्या कडेला थोडी कपाशी, थोडी केळी, अशी ती बाग होती. यशोदाबाई एकटीच घरी होती, नवरा बाजाराला गेलेला. सकाळीच पाणी दिलेलं, पेटीखाली चिखल. सरांनी मेन बंद करून चिप बदलली, पेटी लावली, मोटार चालू करून मुद्दाम गळती देऊन पाहिली. मोटार थांबली. परत चालू केली. सगळं नीट होतं. मी पिशवी आवरायला लागले.

यशोदाबाई मात्र चार पावलं लांबच उभी होती. तिनं फोपनारच्या बाईचं ऐकलं होतं. ती बाई तिच्या माहेरची होती. म्हणाली, "साहेब, मी तं कधी हात नाही लावत याले. लाकडानं बटन दाबते. आता हात लागला तं काई होनार नाही ना?"

मी म्हटलं, "नाही होणार वहिनी, तेच तर बसवलंय."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती सरांकडे बघत होती.

वीजवाली माणसं पेटीला हात लावायचा तर उलटा लावतात. झटका बसला तर हात आपोआप मागे येतो. तळहात लावला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. सरांनी हे आम्हाला कितीदा सांगितलं असेल. त्यांनी चपला काढल्या. चिखलात उतरले. मोटार चालू होती, पेटी गुणगुणत होती. त्यांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचा पूर्ण तळवा लोखंडावर ठेवला.

त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, ओठ हलत होते. हात त्यांनी काढला नाही. थोड्या वेळानं यशोदाबाई पुढे आली, पदराला हात पुसला, आणि त्यांच्या हाताशेजारी आपला हात टेकवला.